आधी पलीकडच्या गुरांना

मकुएई सरळ येऊन माझ्या लशीच्या पेटीवर बसला. उंच, वाळलेला म्हातारा, अंगाला शेणाची राख फासलेली, हातात लांब भाला. बसण्याआधी त्यानं तो भाला पेटीसमोर जमिनीत रोवला. गुरांची शिंगं धरून उभे असलेले तरुण त्याबरोबर मागं सरले आणि त्यांनी गुरं सोडून दिली.

"काय झालं?" मी लुआलला विचारलं. लुआल माझा दुभाष्या. लढाईच्या आधी तो शाळामास्तर होता. आता त्या भागात शाळाच उरली नव्हती.

"बाबा विचारताहेत, नदीपलीकडं कधी टोचणार?"

"सांगा त्यांना, पलीकडं जायची मला परवानगी नाही. कमांडरनं फक्त या काठाची दिलीय."

लुआलनं सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग इथंही नको," तो म्हणाला.

ही नव्वदच्या दशकातली, दक्षिण सुदानमधली गोष्ट. परभणीला पशुवैद्यकीचं शिकून मी काही वर्षं जिंतूरकडच्या सरकारी दवाखान्यात काढली होती. तिथून एका परदेशी मदत संस्थेत गेले. दक्षिणेला स्वतःचा देश हवा होता आणि त्यासाठी बंडखोर उत्तरेच्या सरकारशी लढत होते. मधेच बंडखोरांत फूट पडली, आणि एकाच नदीच्या या काठावरचे डिंका आणि पलीकडचे नुएर एकमेकांवर बंदुका घेऊन धावले. दोघंही गुरं पाळणारे. दूध हेच जेवण, गुरं देऊनच सोयरीक, आणि कुणाचा खून झाला तर भरपाईही गुरांचीच.

त्यात त्या उन्हाळ्यात बुळकांडी आली. आपल्याकडं हा रोग तोवर संपत आला होता, मी तो पुस्तकातच वाचलेला. तोंडात फोड येतात, डोळे चिकटतात, मग घाण वासाचे जुलाब सुरू होतात आणि पाहता पाहता जनावर आडवं पडतं. त्याला औषध नाही. लस मात्र होती. माझ्याजवळची लस बर्फाशिवायही काही आठवडे टिकणारी होती, आणि एकदा टोचली की गाय त्या रोगापुरती जन्मभर निर्धास्त. नदीकाठचे उत्तरेकडचे गुरांचे तळ एकामागून एक ओस पडत होते. या तळावर रोग अजून पोचायचा होता.

"बाबा," मी म्हणाले, "आठ-दहा दिवसांत रोग इथं येईल. आज टोचलं तरच उपयोग."

"माझी गुरं जगली आणि त्यांची मेली, तर पुढच्या उन्हाळ्यात ते पोरांना काय पाजतील?" मकुएईनं मला विचारलं. "ते इथं आमची गुरं लुटायला येतील. मागच्या खेपेला आले ते असेच, पुरात गुरं वाहून गेल्यावर."

"मी जनावरांची डॉक्टर आहे. समोर जनावर आहे, हातात लस आहे. मला दुसरं काही करता येत नाही."

"येतं," तो म्हणाला. "थांबता येतं."

लुआलनं मला बाजूला घेतलं. त्या भाल्याला ओलांडून कुणी गाय धरणार नाही, असं त्यानं सांगितलं. काही घराण्यांकडं भाल्याचा मान असतो. पाऊस मागणं, शपथ घालणं, शाप देणं हे त्यांचं काम. मकुएईच्या शापाला बंदूकवालेही भितात.

"आणि एक सांगतो," लुआल हळूच म्हणाला. "यांचा एकुलता मुलगा त्याच हल्ल्यात गेला. नुएरांनी मारला, इथंच, उतारावर."

"आणि तरी हे असं?"

लुआलनं खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी मी या काठावरच्या बंडखोरांच्या कमांडरला भेटायला गेले. तो एका पडक्या चर्चमध्ये राहायचा. शिकलेला, मृदू बोलणारा माणूस. त्यानं मला चहा दिला, साखर कमी असल्याबद्दल माफी मागितली.

"पलीकडं लस नेऊ द्या," मी म्हणाले. "रोगाला नदी कळत नाही. तिकडं राहिला तर पुन्हा इकडं येईल."

"डॉक्टर, तुमच्या संस्थेला इथं शांतता हवी आहे ना? मलाही हवी आहे. त्यांची गुरं मरू द्या. एका पावसाळ्यात ते लोक शरण येतील. गोळी न झाडता लढाई संपेल."

"आणि त्यांची मुलं?"

"विमानातून ज्वारीची पोती आम्ही सांगू तिथंच टाकता तुम्ही. तेव्हा हा प्रश्न तुम्ही विचारला नव्हता." त्यानं माझा कप पुन्हा भरला. "लसही तशीच टोचा."

मी कप तसाच ठेवून उठले. वायरलेसवर आमच्या ऑफिसशी बोलले. तिकडून सांगितलं, जिथं जाता येतं तिथं काम करा, स्थानिक भानगडीत पडू नका, आपण कुणाच्या बाजूचे नाही. मलाही तेच पटत होतं. मी तळावर परतले तेव्हा मकुएईचा भाला तिथंच होता आणि पेटीवर आता तळावरचा दुसरा एक म्हातारा बसला होता. त्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या.

रोग मी सांगितला होता त्याच्या आधीच आला. आधी एक खोंड चरायचं सोडून तोंड पाण्यात धरून उभं राहिलं. दोन दिवसांत तळभर तो वास पसरला. रोज सकाळी मेलेली वासरं पायाला दोरी बांधून ओढत नेत. वर गिधाडं. गुरांचे मालक माझ्या तंबूकडं येत, दारात बसत आणि भाल्याकडं पाहून परत जात. गायी आटत चालल्या. विमानानं यायची ज्वारी तेव्हा महिनाभर आली नव्हती. तळावर खायला होतं ते दूधच, आणि ते दिवसेंदिवस कमी होत होतं.

अदूत माझ्याकडं आली ती भर दुपारी, सगळे सावलीला पडलेले असताना. ही मकुएईची सून, त्या मेलेल्या मुलाची बायको. विशीतली, बोलण्यात ठाम. कडेवर तिची मुलगी होती, अयेन. वर्ष-सव्वा वर्षाची असेल. गळ्यात निळ्या मण्यांची माळ. तिनं माझं बोट धरलं आणि तोंडात घातलं.

"माझ्या अंगावरचं दूध आटलंय. एकच गाय दुभती आहे," अदूत म्हणाली. "अजून खाते-पिते आहे. तिला टोच. कुणाला कळणार नाही."

लुआल तिचं बोलणं सांगता सांगता खाली पाहू लागला. मी क्षणभरही विचार केला नाही. माझ्या हातपिशवीत लशीच्या दोन कुप्या राहिल्या होत्या, पेटीतल्या नव्हेत. मी लस कालवली, सिरिंज भरली आणि तिच्यामागून निघाले. गाय झोपडीमागं खुंट्याला बांधलेली होती. पांढुरकी, आखूड शिंगांची. अदूतनं तिची मान धरली.

मकुएई झोपडीच्या सावलीत बसलेला होता. आम्ही त्याला पाहिलंच नव्हतं. तो उठला, आणि माझ्याशी नव्हे, सुनेशी बोलला.

"माझ्या घरची गाय टोचली तर दुसऱ्यांना कुठल्या तोंडानं थांब म्हणू?"

"तुमची नात आहे ही," अदूत म्हणाली.

"माझ्या मुलाची एकच खूण आहे. मला माहीत आहे."

"मग?"

तो येऊन गायीच्या अंगावर हात टाकून उभा राहिला, माझ्या आणि तिच्या मधे. अदूतनं मला म्हटलं, टोच. मी लुआलला म्हटलं, त्यांना बाजूला व्हायला सांगा. लुआलनं सांगितलं. मकुएई हलला नाही. म्हाताऱ्याला ढकलून गायीपर्यंत जाणं मला जमलं असतं, तो हाडांचा सापळा होता. पण आसपासच्या झोपड्यांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती, आणि गाय त्यांची होती, लस माझी. मी सिरिंज खाली घेतली.

त्या माणसाचा मला इतका राग आला होता की परतताना मी मराठीत मोठ्यानं शिव्या दिल्या. कुणाला कळायच्या नव्हत्याच.

चार दिवसांनी गायीचे डोळे चिकटले. मग ती आटली. अदूत शेजारणींकडून घोट घोट दूध मागून आणायची, पुढं त्यांच्याकडंही उरलं नाही. अयेनला जुलाब लागले. माझ्याजवळ माणसांची औषधं नव्हती. मी मीठ-साखरेचं पाणी करून दिलं, माझी बिस्किटं त्यात भिजवून दिली. ती ते गिळायची आणि ओकायची. शेवटी ती रडायचीही बंद झाली, नुसती बघायची. सकाळी अदूतनं तिला माझ्या तंबूसमोर आणून जमिनीवर ठेवलं. मला वाटलं, दाखवायला आणलीय. मी मनगट धरलं, तर ते थंड होतं.

तळावर त्या दिवसांत आणखीही मुलं गेली, दुसऱ्यांची.

मकुएईनं नातीसाठी खड्डा स्वतः खणला. तिला त्यात ठेवताना अदूतनं त्याला हात लावू दिला नाही. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही, आणि त्याच्या झोपडीकडं गेलीही नाही.

कमांडर आला तो त्याच आठवड्यात. या खेपेला चहा नव्हता, मृदूपणाही नव्हता. गाडीतून उतरून तो थेट तळाच्या दक्षिण टोकाला गेला, जिथं एक मोठा, निवडक कळप बांधलेला असायचा. एकसारखी, तजेलदार गुरं. त्यांतली कितीतरी आता आडवी होती. तो एका बैलाजवळ उकिडवा बसला आणि त्याच्या नाकावरची माशी वारत राहिला.

"कुणाची गुरं ही?" मी लुआलला विचारलं.

"त्याचीच. सोयरिकीसाठी जमवलेली." लुआलनं घसा साफ केला. "इथंच असतात, पहिल्यापासून. म्हातारबाबांकडं राखायला दिलीत."

तेव्हा कुठं मला सगळं उमगलं. मी पेटीच्या दिशेनं पाहिलं. मकुएई पेटीवर बसून कमांडरची वाट पाहत होता. स्वतःची गुरं मरायला लागल्याशिवाय हा पलीकडं लस जाऊ देणार नाही हे ओळखून पहिल्या दिवसापासून तो याचीच वाट पाहत होता.

त्यांचं बोलणं लांबलं. कमांडर ओरडला, त्यानं पिस्तूल काढलं, म्हाताऱ्याच्या कपाळाला लावलं. त्याच्याच सैनिकांनी माना फिरवल्या. त्यांच्या बापांची गुरं याच तळावर होती. शेवटी कमांडरनं पिस्तूल पट्ट्यात खोचलं आणि माझ्यासमोर येऊन म्हणाला, "पलीकडं जा. आजच जा. आणि मग ताबडतोब इथं."

झाडाचं खोड कोरून केलेल्या होड्यांतून आम्ही नदी उतरलो. मी, लुआल, मकुएई आणि निम्मी लस. मकुएईनं आपला आवडता बैल होडीमागं पोहवत आणला होता, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, लांब शिंगांचा. कशासाठी ते पलीकडं गेल्यावर कळलं.

नुएरांचा म्होरक्या गात्कुओथ, एका डोळ्यानं आंधळा म्हातारा, माणसं घेऊन काठावर उभा होता. बंदुका आमच्यावर रोखलेल्या.

"डिंकांनी पाठवलेली सुई," तो म्हणाला. "विष असेल हिच्यात."

मकुएईनं बैल पाण्यातून वर आणला आणि त्याची शिंगं स्वतः धरली. मला म्हणाला, "याला."

मी टोचलं. आपला बैल त्यानं गात्कुओथच्या खुंट्याला बांधला आणि स्वतः त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. "हा मेला तर मलाही मारा," तो म्हणाला. दुसरा दिवस उजाडला, तिसराही. बैल चरत होता. तिसऱ्या दुपारी गात्कुओथनं आपली पहिली गाय पुढं आणली.

दोन्ही काठांवरची गुरं टोचून होईस्तोवर उन्हाळा उतरणीला लागला. खूप मेली, पण दोन्हीकडं सारखीच मेली आणि सारखीच जगली. त्या काळात होड्या जात-येत राहिल्या. आधी आमच्यासाठी, मग कुणी हरवलेली गाय शोधायला, कुणी पळवून नेलेल्या बहिणीची चौकशी करायला. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की एकदा समोरासमोर बसायचं.

बसले ते नदीतल्या बेटावर. एका बाजूला डिंका, दुसऱ्या बाजूला नुएर, मधे खुंट्याला पांढरा बैल. ज्याचं माणूस गेलं त्यानं उठून मधे यायचं, मेलेल्याचं नाव सांगायचं, कसा मारला ते सांगायचं. समोरच्या बाजूनं मधे बोलायचं नाही, सबब सांगायची नाही. ऐकायचं आणि शेवटी ते नाव सगळ्यांनी मिळून घ्यायचं. मग भरपाईची गुरं ठरत. हे दोन दिवस चाललं होतं. माणसं रडत, अंगावर धावून जात, पुन्हा बसवली जात. मी लुआलजवळ बसून ऐकत होते.

अदूत उठली. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, उतारावर त्याला कसं मारलं ते सांगितलं. समोरून नुएरांनी त्याचं नाव घेतलं. सगळ्यांना वाटलं ती बसेल.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "अयेन. माझी मुलगी. तिला भुकेनं मारलं. दूध होतं, गाय होती, डॉक्टर सुई घेऊन उभी होती. ज्यानं अडवलं तो समोरच्या बाजूला नाही. तो माझ्या बाजूला बसला आहे."

डिंकांच्या बाजूच्या बायकांतून एक हुंदका आला, मग दुसरा. त्यांचीही मुलं गेलेली होती.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले. मला सांगायचं होतं की त्या दुपारी टोचूनही ती गाय बहुधा वाचली नसती. चार दिवसांत लक्षणं दिसली म्हणजे रोग तिच्या अंगात आधीच शिरलेला होता. हे खरं होतं. लुआलनं पहिलं वाक्य सांगायला तोंड उघडलं, तोच मकुएई म्हणाला, "बस, मुली. सबब सांगायची नाही, असं ठरलंय. तिचं पुरं होऊ दे."

मी बसले. तो उठला. काठीच्या आधारानं पांढऱ्या बैलाला वळसा घालून तो पलीकडं गेला आणि नुएरांच्या रांगेत, अदूतकडं तोंड करून जमिनीवर बसला.

म्हातारे गोंधळले. बराच वेळ आपसात कुजबुजले. शेवटी गात्कुओथ बोलला. "मुलीच्या भरपाईची गुरं तिच्या बापाच्या घराला द्यायची असतात. बाप मेला तर त्याच्या बापाला. म्हणजे यानं यालाच गुरं द्यायची. असा निवाडा आम्हाला येत नाही."

"मला माहीत आहे," अदूत म्हणाली. "मी गुरं मागितलीच नाहीत. नाव घ्या तिचं."

गात्कुओथनं आपला एक डोळा मिटला. "अयेन," तो म्हणाला. मागून नुएर बायापुरुषांनी म्हटलं, अयेन. त्यांच्यात बसलेल्या मकुएईचे ओठ हलताना मला दिसले, आवाज ऐकू आला नाही. मग बैलाच्या गळ्यावर भाला चालवला आणि तह झाला.

पुढं त्या देशाला स्वातंत्र्य मिळालं, आणि मिळाल्यावर थोड्याच वर्षांत आपसात पुन्हा लढाई पेटली. त्यात त्या काठांचं काय झालं, मला ठाऊक नाही. लुआलचा पत्ता लागला नाही. मी पाहिलं ते एवढंच, की दुसऱ्या उन्हाळ्यात नव्या वासरांना टोचायला मी परत गेले तेव्हा दोन्हीकडची गुरं एकाच कुरणात चरत होती आणि पोरं एकाच डबक्यात मासे धरत होती. कमांडरची कुठंतरी लांब बदली झाली होती.

मकुएई डिंकांच्या तळावर नव्हता. तो पलीकडं, गात्कुओथच्या अंगणात राहत होता. इकडं त्याला कुणी हाकललं नव्हतं. फक्त ज्यांची मुलं त्या दिवसांत गेली त्या बायका त्याला दूध देईनाशा झाल्या, आणि मग इतरही. त्याचा भाला पुतण्याकडं गेला होता. मी गेले तेव्हा तो बैलाच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होता. तो फार म्हातारा झाला होता. त्यानं मला गुरांबद्दल विचारलं, पावसाबद्दल विचारलं. अदूतबद्दल विचारलं नाही, पण मी उठेपर्यंत सारखा नदीकडं बघत होता.

अदूत मला अलीकडच्या तळावर भेटली. माहेरच्यांनी तिला एक कालवड दिली होती, तांबूस, गरीब जनावर. ती कालवडीला घेऊन रांगेत उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं विचारलं, "पलीकडं जाऊन आलीस?"

"हो. आधी तिकडचंच केलं."

"तो आहे?"

"आहे."

तिनं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्याला दूध मिळतं का तिकडं?"

"मिळतं. रोज, दोन वेळा."

"मिळणारच. नुएर लोक दारात आलेल्याला उपाशी ठेवत नाहीत."

मी सिरिंज भरली. "त्याला काही निरोप द्यायचा आहे?" मी विचारलं.

"नाही," अदूत म्हणाली, आणि कालवडीचं तोंड आपल्या खांद्याशी दाबून तिनं तिची मान माझ्याकडं केली.